माणूस ओळखीचा असला तरी क्रमांक मागावा

वाचकाचे पत्र: «आमचा वेंगुर्ले तालुक्यात काजू प्रक्रियेचा लहान कारखाना आहे. हंगामात १२ बायका कामाला असतात. गेल्या महिन्यात आमच्या वाडीतल्या एका कुटुंबाचे मुंबईला राहणारे नातलग आमच्याकडे आले. काजू बी फोडण्याच्या नव्या यंत्राचे पेटंट आपल्या कंपनीकडे आहे आणि त्या यंत्रातून गर अख्खा निघतो, असे ते सांगतात. तीन तालुक्यांचे हक्क आम्हांला द्यायचे आणि त्यासाठी आमच्याकडून १५ लाख रुपये अनामत घ्यायची, असा त्यांचा प्रस्ताव आहे. त्यांनी शिक्का असलेला एक कागद दाखवला, पण त्याची प्रत दिली नाही. यंत्राचा फोटो पाहून माझे सासरे गप्प झाले. ते गेल्यावर म्हणाले, ‘मी २५ वर्षांपूर्वी लोहाराकडून करून घेतलेल्या कटरसारखाच याचा जबडा आहे.’ हे गृहस्थ आणखी कोणाकोणाबरोबर व्यवसाय करतात आणि त्यांचे पेटंट खरे आहे का, हे आम्ही कसे शोधावे? शिवाय, ओळखीच्या माणसाची अशी चौकशी करणे बरे दिसते का?» – एक वाचक, वेंगुर्ले तालुका

ताई,

तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तो सुटला नाही तर बाकीची माहिती हातात असूनही तुम्ही ती वापरणार नाही. ओळखीच्या माणसाकडे कागद मागणे म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखवणे, ही समजूत आपल्याकडे खोल रुजलेली आहे. ज्यांच्याशी रोज तोंडाला तोंड पडते आणि ज्यांच्याबरोबर एकाच देवीच्या जत्रेला जायचे असते, त्यांच्या पाहुण्याची चौकशी कशी करायची, हा संकोच मला समजतो. पण कंपनी काढणारा माणूस कायद्याकडून एक मोठी सवलत घेत असतो: कंपनी बुडाली तरी तिच्या देण्यासाठी त्याच्या घरादारावर सहसा टाच येत नाही. या सवलतीच्या बदल्यात कंपनीने आपले संचालक, भांडवल, कर्जे आणि हिशेब सरकारदरबारी नोंदवायचे आणि ते कोणालाही पाहू द्यायचे, असा व्यवहार आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याचे कलम ३९९ हा पाहण्याचा हक्क प्रत्येकाला देते. पेटंटचेही तसेच आहे. अर्जाच्या तारखेपासून २० वर्षे मक्तेदारी मिळते, आणि तिच्या बदल्यात यंत्र कसे चालते हे सर्वांना वाचता येईल असे लिहून द्यावे लागते. म्हणजे तुम्ही कोणाच्या घरात डोकावणार नाही. त्या गृहस्थांनी स्वतः सही करून जे जाहीर केले आहे, तेवढेच वाचणार आहात. जो १५ लाख मागतो, त्याला हे आधीच ठाऊक असायला हवे.

आता शोध कशावरून घ्यायचा, ते सांगतो. नावावरून घेऊ नका, क्रमांकावरून घ्या. आपल्या कोकणात ही गोष्ट विशेष महत्त्वाची आहे, कारण येथे अख्ख्या वाडीचे आडनाव एक असते, नातवाला आजोबांचे नाव ठेवतात, आणि एकाच गावात नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव तिन्ही सारखी असलेली दोन माणसे सहज सापडतात. या बाबतीत माझ्या हातून एकदा मोठी चूक झालेली आहे. मालवण तालुक्यातील एका ओळखीच्या कुटुंबाने मला एका व्यापाऱ्याविषयी विचारले होते. मी त्याच्या नावाने कंपन्यांच्या नोंदी पाहिल्या, त्या नावाच्या संचालकाची एक कंपनी निबंधकाने यादीतून काढून टाकलेली दिसली, आणि मी व्यवहार करू नका असे सांगून मोकळा झालो. पुढे त्या व्यापाऱ्याने आपला संचालक क्रमांक दाखवला, तेव्हा तो माणूसच वेगळा निघाला. मी त्याची क्षमा मागितली, परंतु तोपर्यंत त्याचा हंगाम गेला होता. तेव्हापासून नुसत्या नावाच्या साम्यावर मी एक ओळही लिहून देत नाही.

म्हणून त्या गृहस्थांकडे तुम्ही चार क्रमांक मागा: कंपनीचा नोंदणी क्रमांक, त्यांचा स्वतःचा संचालक क्रमांक, कंपनीचा जीएसटी क्रमांक आणि पेटंटचा किंवा पेटंटच्या अर्जाचा क्रमांक. हे मागायला कोणतेही कारण द्यावे लागत नाही. बँकेला द्यायचे आहेत असे सांगितले तरी ते खोटे ठरणार नाही, कारण कर्ज काढायचे झाल्यास बँक हेच विचारील.

कंपनीचा नोंदणी क्रमांक २१ अक्षरांचा असतो आणि तो नुसता वाचला तरी बरेच काही कळते. पहिले अक्षर ‘यू’ असेल तर कंपनी शेअर बाजारात नोंदलेली नाही, ‘एल’ असेल तर आहे. पुढचे पाच अंक व्यवसायाचा प्रकार सांगतात, नंतरची दोन अक्षरे राज्य सांगतात – महाराष्ट्रासाठी ‘एमएच’, गोव्यासाठी ‘जीए’ – आणि त्यानंतरचे चार अंक म्हणजे स्थापनेचे साल. बांद्याच्या पलीकडे गोवा सुरू होत असल्यामुळे तुमच्या भागात फिरणाऱ्या कंपन्यांपैकी काही पणजीच्या कंपनी निबंधकाकडे नोंदलेल्या असू शकतात. त्यात वावगे काही नाही, मात्र वाद झाल्यास कोठे जावे लागू शकते याचा त्यावरून अंदाज येतो. ‘आमची कंपनी २० वर्षे या धंद्यात आहे’ असे कोणी म्हणत असेल आणि क्रमांकातील साल २०२३ असेल, तर पहिला प्रश्न तेथेच विचारायचा.

कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर आपले नाव नोंदवून हा क्रमांक टाकला की कंपनीची मूळ माहिती पैसे न देता दिसते. नोंदणीकृत पत्ता, अधिकृत आणि प्रत्यक्ष भरलेले भांडवल, शेवटचा ताळेबंद कोणत्या तारखेपर्यंतचा आहे, संचालक कोण आणि ते केव्हापासून आहेत, कंपनी चालू आहे की यादीतून काढलेली, हे सर्व त्यात येते. संचालक क्रमांक आठ अंकी असतो आणि एका माणसाला आयुष्यभर एकच मिळतो. त्याच्या आधारे तो माणूस आणखी कोणत्या कंपन्यांशी जोडलेला आहे हे शोधता येते, आणि तुमच्या ‘कोणाकोणाबरोबर व्यवसाय करतात’ या प्रश्नाचे अर्धे उत्तर येथेच मिळते. त्या दुसऱ्या कंपन्यांतील सहसंचालक पाहा, त्यांचे पत्ते पाहा. एकाच खोलीच्या पत्त्यावर चार कंपन्या, आणि चौघींत फिरून फिरून तीच दोन माणसे, असे चित्र दिसले तर घाबरून जाऊ नका, कारण घरच्या व्यवसायांत ते पुष्कळदा असते. पण तुमचे १५ लाख त्यांपैकी नेमक्या कोणत्या कंपनीच्या खात्यात जाणार आहेत, हे मात्र लेखी विचारा.

शंभर रुपये शुल्क भरले की त्या कंपनीने दाखल केलेले कागदही पाहता येतात, आणि हे शंभर रुपये वाचवू नयेत असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. वार्षिक विवरणपत्रात भागधारक आणि संलग्न कंपन्या येतात. संचालक मंडळाच्या अहवालाला संबंधित व्यक्तींबरोबरच्या व्यवहारांचे एक परिशिष्ट जोडलेले असते. संचालकाच्या पत्नीच्या फर्मकडून यंत्रे विकत घेतली, भावाच्या गोदामाचे भाडे दिले, असे व्यवहार कायद्याने सांगायचे असतील तर ते तेथे सापडतात. कंपनीने आपल्या मालमत्तेवर कर्ज काढले असेल तर त्या बोजाची नोंद ३० दिवसांत करायची असते, आणि या मालमत्तेत इमारत व यंत्रांबरोबर पेटंटसारखे हक्कही येतात. त्यामुळे जे पेटंट तुम्हांला वापरायला द्यायचे आहे तेच एखाद्या बँकेकडे गहाण नाही ना, हेही पाहता येते. लागोपाठ तीन आर्थिक वर्षे हिशेब किंवा विवरणपत्र न भरणाऱ्या कंपनीचा संचालक पाच वर्षे कोणत्याही कंपनीवर संचालक म्हणून नेमला जाण्यास अपात्र ठरतो. २०१७ साली सरकारने अशा दोन लाखांहून अधिक निष्क्रिय कंपन्या यादीतून काढल्या. त्यांत लबाडी करणारे होते, तसे केवळ आळसाने कागद न भरलेले प्रामाणिक लोकही होते. म्हणून जुनी बंद कंपनी दिसली की तिच्याविषयी विचारावे, आणि उत्तर ऐकूनच मत बनवावे.

मुळात त्यांची ‘कंपनी’ ही कंपनीच नसण्याचीही शक्यता आहे, कारण आपल्याकडे कोणत्याही धंद्याला लोक सर्रास कंपनी म्हणतात. भागीदारी असेल तर १९३२ च्या भागीदारी कायद्याप्रमाणे निबंधकाकडील नोंद पाहता येते आणि तिची प्रत मागता येते. नोंद नसलेल्या भागीदारीला कराराच्या हक्कासाठी दावा लावता येत नाही. एकट्याच्या मालकीचा धंदा असेल तर कोणत्याच निबंधकाकडे त्याची नोंद नसते, आणि अशा वेळी जीएसटी क्रमांक उपयोगी पडतो. तो १५ अक्षरांचा असतो. पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्रासाठी २७ आणि गोव्यासाठी ३०. पुढची दहा अक्षरे म्हणजे मालकाचा पॅन क्रमांक. पॅनमधील चौथे अक्षर ‘पी’ असेल तर ती व्यक्ती, ‘सी’ असेल तर कंपनी, ‘एफ’ असेल तर भागीदारी. भेटीच्या कार्डावर ‘प्रायव्हेट लिमिटेड’ छापलेले आणि पावतीवरच्या जीएसटी क्रमांकात सहाव्या जागी (म्हणजे पॅनच्या चौथ्या जागी) ‘पी’, असे असेल तर पावती देणारा आणि करार करणारा वेगवेगळे आहेत हे तुम्हांला घरबसल्या कळते. जीएसटीच्या संकेतस्थळावर कायदेशीर नाव, व्यापारी नाव, नोंदणीची तारीख, नोंदणी चालू आहे की रद्द, आणि विवरणपत्रे भरली जातात का, हे कोणालाही पाहता येते.

आता पेटंटकडे वळू. तुमच्या पत्रातील मला सर्वांत महत्त्वाचे वाटलेले वाक्य हे, की त्यांनी शिक्का असलेला कागद दाखवला पण प्रत दिली नाही. शिक्का असलेला कागद पाच-सहा प्रकारचा असू शकतो. मंजूर झालेल्या पेटंटचे प्रमाणपत्र हा त्यांतला एकच. नुसता अर्ज केला तरी क्रमांक आणि पावती मिळते, आणि हा अर्ज एखाद्या व्यक्तीला ऑनलाइन १,६०० रुपयांत करता येतो, त्यामुळे अर्जाचा क्रमांक हा शोध खरा असल्याचा कोणताही पुरावा नाही. यंत्राच्या बाह्य रूपाची डिझाइन म्हणून नोंदणी होते. तिचेही देखणे प्रमाणपत्र मिळते आणि ती आधी दहा व वाढवून आणखी पाच वर्षे चालते, पण तिने फक्त दिसण्याला संरक्षण मिळते, बी फोडण्याच्या युक्तीला मिळत नाही. ट्रेडमार्क म्हणजे नावाची नोंद. लोक या सर्वांना सरसकट पेटंट म्हणतात. आपल्या हापूसला २०१८ साली मिळालेल्या भौगोलिक निर्देशांकालाही वर्तमानपत्रांतून ‘हापूसचे पेटंट’ म्हटले गेल्याचे मी वाचले आहे, आणि तेही बरोबर नाही. तेव्हा कागदावर वर काय छापले आहे ते आधी शांतपणे वाचा.

पेटंटच्या अर्जाचा क्रमांक २०१६ पासून १२ अंकी आहे. पहिले चार अंक साल, आणि पाचवा अंक कार्यालय: १ म्हणजे दिल्ली, २ मुंबई, ३ कोलकाता, ४ चेन्नई. महाराष्ट्र आणि गोव्याचे अर्ज मुंबईच्या अँटॉप हिल येथील कार्यालयात जातात. पेटंट कार्यालयाच्या शोधयंत्रणेत हा क्रमांक, अर्जदाराचे नाव किंवा विषयाचा शब्द टाकून पैसे न देता शोध घेता येतो. परदेशांतील पेटंटे पाहण्यासाठी युरोपीय पेटंट कार्यालयाचे एस्पेसनेट आणि गूगल पेटंट्स आहेत, तीही मोफत. साधारणपणे अर्ज १८ महिने झाल्यावर प्रसिद्ध होतो, आणि दर शुक्रवारी निघणाऱ्या पेटंट कार्यालयाच्या नियतकालिकात त्याची नोंद येते. यातून एक साधी कसोटी मिळते. ते गृहस्थ जर म्हणाले की अर्ज चार वर्षांपूर्वी केला आहे, आणि शोधात काहीच दिसत नसेल, तर क्रमांक चुकीचा आहे, किंवा तात्पुरता अर्ज करून १२ महिन्यांत पूर्ण वर्णन न दिल्यामुळे तो सोडून दिल्यासारखा झाला आहे, किंवा अर्ज झालाच नाही. अर्ज दिसला तरी त्याच्या परीक्षणाची, म्हणजे पेटंट कार्यालयाने तो तपासावा अशी, विनंती मुदतीत केली होती का, ते पाहा. १५ मार्च २०२४ पूर्वीच्या अर्जांना ही मुदत ४८ महिन्यांची होती, त्यानंतरच्या अर्जांना ती ३१ महिन्यांची आहे, आणि ती चुकली की अर्ज मागे घेतल्यासारखा समजतात. मंजूर झालेले पेटंटही तिसऱ्या वर्षापासूनचे नूतनीकरण शुल्क न भरल्यास संपुष्टात येते. नोंदवहीत ते चालू असल्याचे दिसते का, हे पाहिल्याशिवाय पुढचे पाऊल टाकू नका.

त्यानंतर अर्जदार कोण आणि संशोधक कोण, हे दोन रकाने वाचा. व्यवसायाचे धागे मला बहुतेक वेळा येथेच सापडले आहेत. अर्जदार ही एक व्यक्ती असते, संशोधक म्हणून तिघांची नावे असतात, आणि तुमच्याशी करार करायला येते ती चौथीच कंपनी. कंपनी २०२३ ची आणि अर्ज २०१९ चा असेल, तर मधल्या काळात हक्क त्या कंपनीकडे कसा आला? पेटंटचे हस्तांतरण किंवा वापराचा परवाना लेखी असल्याशिवाय ग्राह्य धरला जात नाही, आणि त्याची नोंद पेटंटच्या नोंदवहीत करायची असते. नोंद नसेल तर ज्यांच्याकडे हक्कच नाही त्यांच्याकडून तुम्ही तीन तालुके विकत घेणार आहात, असा त्याचा अर्थ होऊ शकतो. अर्जासोबतचे कागदही तेथेच उघडून वाचता येतात. परीक्षकाने पहिल्या अहवालात कोणत्या जुन्या यंत्रांचे दाखले दिले आणि अर्जदाराने त्यावर काय उत्तर दिले, हे वाचण्यासारखे असते, कारण विक्रेता तुम्हांला सांगताना यंत्राचे जे गुण वाढवून सांगतो, त्यांतले कित्येक त्याने परीक्षकापुढे सोडून दिलेले असतात. पेटंट घेतलेली वस्तू प्रत्यक्ष वापरात आहे का, याचे निवेदनही पेटंटधारकाने ठरावीक काळाने द्यायचे असते. ‘दहा कारखान्यांत यंत्र चालू आहे’ हे म्हणणे त्या निवेदनाशी ताडून पाहा.

संरक्षण कशाला मिळाले आहे, हे मात्र शीर्षकावरून किंवा चित्रावरून ठरत नाही. अर्जाच्या शेवटी क्रमवार लिहिलेले दावे असतात आणि कायद्याचे कुंपण तेवढ्याभोवतीच असते. पहिला दावा सावकाश वाचा, हवे तर एखाद्या फॅब्रिकेशनवाल्याला शेजारी बसवून वाचा. त्यात जबड्याविषयी काही आहे, की फक्त बी पुढे सरकवण्याच्या पट्ट्याविषयी आहे? सासऱ्यांचा प्रश्न याच ठिकाणी येतो.

तुमच्या सासऱ्यांच्या गप्प होण्याने मी अस्वस्थ झालो. टरफलाच्या तेलाने हात पोळून घेत ज्यांनी वर्षानुवर्षे बी फोडली, त्यांनी स्वतःच्या अनुभवातून केलेल्या सुधारणा आपल्या किनाऱ्यावर ठिकठिकाणी आहेत. त्या लोहारशाळेत जन्मल्या आणि कोणत्याही कार्यालयात नोंदल्या गेल्या नाहीत. सासऱ्यांचे कटर २५ वर्षे उघडपणे वापरात असेल, तर त्यावर आता त्यांनाही पेटंट मिळणार नाही, कारण पेटंटला नावीन्य लागते. हे मला स्पष्टपणे सांगितले पाहिजे. पण त्याच कारणाने ते दुसऱ्या कोणालाही मिळता कामा नये. अर्ज प्रसिद्ध झाल्यापासून पेटंट मंजूर होईपर्यंत कोणतीही व्यक्ती त्याला हरकत घेऊ शकते, आणि भारतात आधीपासून उघड वापर असणे हे हरकतीचे मान्य कारण आहे. मंजुरी प्रसिद्ध झाल्यावर एक वर्षाच्या आत हितसंबंध असलेल्या व्यक्तीला हरकत घेता येते; त्यापुढे पेटंट रद्द करण्यासाठी उच्च न्यायालयात जावे लागते. काजू फोडणारे कुटुंब म्हणून तुमचा हितसंबंध उघड आहे.

हरकत मात्र आठवणीवर टिकत नाही, तिला तारखेचा कागद लागतो. हळदीच्या पेटंटची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. जखमेवर हळद लावण्याच्या उपयोगावर १९९५ साली अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला पेटंट मिळाले. प्रत्येक मराठी घरातल्या आजीला ठाऊक असलेली ही गोष्ट, पण अमेरिकन कार्यालयापुढे आजीची साक्ष चालली नसती. डॉ. रघुनाथ माशेलकर, जे मूळचे गोव्यातील माशेलचे, त्यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने जुने संस्कृत ग्रंथ आणि १९५३ सालचा एका भारतीय वैद्यकीय नियतकालिकातील लेख असे छापील पुरावे पुढे ठेवले, आणि १९९७ साली ते पेटंट रद्द झाले. तुमच्या घरातही असे काही असेल: लोहाराची किंवा वेल्डिंगची पावती, जुन्या वहीतील आकृती, कटरशेजारी उभे राहून काढलेला आणि मागे तारखेचा शिक्का असलेला फोटो, एखाद्या कृषी प्रदर्शनात ते मांडले असल्यास तेथील पत्रक, कारखान्यासाठी काढलेल्या कर्जाच्या कागदांतील यंत्रांची यादी. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाच्या किंवा वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राच्या कोणा अधिकाऱ्याने तुमच्या कारखान्याला भेट दिली असेल आणि त्याची लेखी नोंद असेल, तर तीही मोलाची आहे. हे सापडेल ते एका पेटीत ठेवा आणि त्या गृहस्थांना सध्या दाखवू नका.

इतर नोंदींविषयी थोडक्यात सांगतो. ई-कोर्टच्या संकेतस्थळावर पक्षकाराच्या नावाने खटले शोधता येतात. सिंधुदुर्ग, मुंबई आणि गोवा तिन्हीकडे पाहा, आणि नावाच्या साम्याविषयी वर लिहिलेले विसरू नका. कारखान्यासाठी आपली जमीन आहे असे ते म्हणत असतील तर सातबारा आणि फेरफार पाहा, इतर हक्कांच्या रकान्यात बँकेचा बोजा दिसतो. सरकारी अनुदानाचा उल्लेख त्यांनी केला असेल, तर सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीच्या प्रधानमंत्री योजनेत पात्र प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के आणि जास्तीत जास्त १० लाख रुपये असे कर्जाशी जोडलेले अनुदान खरोखरच आहे, पण ते बँकेमार्फत मिळते. ते मिळवून देण्यासाठी यंत्रविक्रेत्याला आगाऊ रक्कम देण्याची गरज नसते. ही योजना सध्या चालू आहे का, याची जिल्ह्याच्या कृषी विभागाच्या कार्यालयात खात्री करून घ्या.

हे सर्व जमवताना प्रत्येक नोंदीची तारीख एका वहीत एकाखाली एक लिहा: सासऱ्यांच्या कटरची पावती, पेटंटचा अर्ज, त्याची प्रसिद्धी, कंपनीची स्थापना, त्या गृहस्थांचे संचालक होणे, जीएसटी नोंदणी, कर्जाचा बोजा, आणि शेवटी ते तुमच्या पडवीत येऊन बसले तो दिवस. सुट्या सुट्या नोंदींतून जे दिसत नाही ते या क्रमातून दिसू लागते. कदाचित असे दिसेल की एका कष्टाळू माणसाने चार वर्षे खपून यंत्र केले, पेटंट घेतले आणि आता गावाकडे धंदा वाढवायला आला आहे. तसे असेल तर त्याच्याशी अवश्य व्यवहार करा, आणि चौकशी केल्याबद्दल मुळीच वाईट वाटून घेऊ नका. कदाचित वेगळेही दिसेल. दोन्ही बाबतींत, जे सापडले ते वाडीच्या व्हॉट्सॲप गटावर टाकू नका. नोंद सार्वजनिक असते, परंतु तिच्यावरून काढलेला ‘फसवा माणूस’ हा निष्कर्ष तुमचा स्वतःचा असतो, आणि तो चुकला तर बदनामीची जबाबदारीही तुमचीच. कोणी बँक खात्याचे उतारे किंवा फोनचे तपशील काढून देतो असे सांगत आला तर त्याला दारातूनच परत पाठवा, कारण ती सार्वजनिक नोंद नाही आणि तसे मिळवणे हा गुन्हा ठरू शकतो.

पुढच्या भेटीत तुम्ही सौम्यपणे एवढेच म्हणा: «हक्क ज्याच्या नावावर आहे त्याच्याच सहीने करार करू, पैसे त्याच्याच खात्यात धनादेशाने देऊ, आणि त्याआधी आमच्या हंगामातली बी आमच्या बॉयलरमधून काढून तुमच्या यंत्रावर फोडून पाहू.» अख्ख्या गराचे आणि तुकड्याचे वजन तुमच्या बायकांकडून करून घ्या, त्यांच्याइतका नेमका परीक्षक तुम्हांला कोठे मिळणार नाही. यंत्रावर ‘पेटंट’ किंवा ‘पेटंटसाठी अर्ज केलेला आहे’ असे खोटे सांगून विकणे हा कायद्याचा भंग असून, २०२३ च्या दुरुस्तीनंतर त्याला १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, हे तुम्हांला माहीत असू द्या. भेटीत ते बोलून दाखवण्याची गरज नाही. क्रमांक द्यायला ते कां-कूं करू लागले, तर आणखी काही शोधत बसू नका आणि पैसेही देऊ नका.

ज्या लोहाराने कटर केले ते हयात असतील, तर हे काम लांबवू नका. गणपतीला चाकरमानी घरी येतील, त्यांच्यात त्या काळी कारखान्यात काम केलेले एक-दोघे असतीलच. त्यांना आणि लोहाराला एकत्र बसवून कटर केव्हा केले, जबडा कसा होता, कोण कोण ते वापरत असे, हे त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या, त्याखाली सह्या व तारीख घ्या, आणि सावंतवाडीला किंवा वेंगुर्ल्याला नोटरीपुढे त्याचे प्रतिज्ञापत्र करून ठेवा. जुने कटर अडगळीत पडले असेल तर ते भंगारवाल्याला देऊ नका.